नव्या यंत्रात जुनी खिडकी



एक हिरवी टेकडी, तिच्यावर निळे आकाश आणि आकाशात कापसासारखे ढग. हे चित्र तुम्ही पाहिलेले आहे. सायबर कॅफेत, बँकेत, मुलाच्या कॉलेजात, कुठे ना कुठे पाहिलेलेच आहे. चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातून जाताना गाडी थांबवून ते टिपले. २००१ साली 'विंडोज एक्सपी' बाजारात आली आणि ती टेकडी घरोघर पोचली.

या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तरी आमच्या सांगलीत छापखान्यांच्या बोळांतून फिरताना ती टेकडी मला अजून दिसते. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात धातू कापणाऱ्या मशीनशेजारी दिसली. जुन्या खोक्यासारख्या संगणकावर दिसली असती तर मी काही बोललो नसतो. पण नव्या रुंद पडद्यावर, नव्या कोऱ्या यंत्रावर ती मुद्दाम आणून बसवलेली असते. असे करणारी माणसे कंजूष की अडाणी, असे मला एकाने विचारले होते. ती दोन्ही नाहीत, आणि त्यांच्या वतीने आज थोडे बोलावे असे मनात आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. संगणकाचे शास्त्र मला माझ्या भाच्याने शिकवले, तेही गरजेपुरते. तो म्हणतो, "मामू, संगणक म्हणजे वाडा आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या वाड्याचा कारभारी." कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, धान्य कुठे, कागद कुठे, दारावर आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे सगळे कारभाऱ्याला ठाऊक. वाडा नवा बांधला आणि कारभारी जुनाच ठेवला, तर त्याला दारेसुद्धा सापडत नाहीत. मग नवा कारभारी का नेमत नाही? कारण काही कागद असे असतात, की ते फक्त जुन्याच कारभाऱ्याला वाचता येतात.

मराठीच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. इंग्रजी मोठ्या 'ए'चा आकडा ६५, हे जगभर ठरलेले. देवनागरीला असे आकडे नव्हते असे नाही. 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ सालचे आहे आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छापखान्यात चालायचा पेजमेकर, आणि त्याला यातले काही कळत नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर त्यांनी मराठी अक्षरांची चित्रे बसवली. फाईलमध्ये साठवले जायचे इंग्रजी, पडद्यावर आणि कागदावर दिसायचे मराठी. सोंग मराठीचे, आतला नट परका. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणजे एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ळ' असू शकतो. तो फॉन्ट काढून घेतला, की पानभर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि डोक्यावर टोप्या घातलेली युरोपी चिन्हे उरतात.

नव्वदीच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीतली असंख्य पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके या पद्धतीने जुळवली गेली. उर्दूतही थोडेफार तेच. मिरजेत उर्दू मजकूर जुळवणारा माझ्या ओळखीचा एक जण 'इनपेज'च्या जुन्या फायली अशाच सांभाळून आहे. त्या फायलींतली उर्दूही युनिकोडची नाही.

छापून झालेल्या पुस्तकाची फाईल गेली तर एक वेळ चालते, कारण पुस्तक हाताशी असते. जे छापलेच गेले नाही त्याची गोष्ट वेगळी.

आमचे एक सर होते. मूळचे शिराळ्याकडचे, डोंगराच्या वळचणीतल्या गावचे. कॉलेजात मराठी शिकवायचे आणि कविता लिहायचे. मला यमकाच्या मागे धावू नकोस असे सांगणारे पहिले गृहस्थ तेच. त्यांचा एक संग्रह २००४ साली अण्णांच्या छापखान्यात जुळवून तयार झाला होता. अण्णा म्हणजे मालक. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. सर रोज संध्याकाळी ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसून चुका दुरुस्त करून घ्यायचे, आणि चुका दुरुस्त करता करता कविताही बदलायचे. कवींची ही खोड छापखानेवाले जाणून असतात. एकशे बारा कविता झाल्या. पुढे पैशाचे जमले नाही, मग प्रकृतीचे जमले नाही, आणि २०११ साली सर गेले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेला पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मारुती रोडच्या आतल्या बोळात अण्णांचा छापखाना तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा संगणकातून चिखल निघाला. सरांच्या घरीही तेच झाले होते. वह्या सापडल्या, पण शाईच्या पेनाने लिहिलेल्या वह्या पाण्यात राहिल्यावर काय होते ते मी सांगत नाही. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी ओल्या वह्या गॅलरीत दोरीवर टाकल्या होत्या.

अण्णा मला म्हणाले, "भाई, यंत्राचं जाऊ दे हो. यंत्र मिळंल. सरांचं काय करायचं?"

विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी, वरच्या मजल्यावर, जुन्या कामांच्या चार सीडी होत्या. त्यांतल्या तीन उघडल्या. तिसरीत सरांचा संग्रह होता. विंडोज एक्सपीची मूळ सीडी होती, पेजमेकरची होती, फॉन्टची होती. आणि डोंगल होते. डोंगल म्हणजे बोटाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो संगणकाला लावल्याशिवाय फॉन्टचे सॉफ्टवेअर चालत नाही. चोरी होऊ नये म्हणून कंपन्या ते देत. फार जुनी डोंगले प्रिंटरच्या रुंद खाचेत बसायची, आणि ती खाचच नव्या यंत्रांवरून नाहीशी होत गेली. अण्णांचे नशिबाने यूएसबीचे होते आणि ते दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले असल्याने पुरातून वाचले.

अण्णांनी नवा संगणक घेतला. त्यावर विंडोज १० होती, चौसष्ट बिटांची. फॉन्ट बसवणारा प्रोग्राम इतका जुना, की तो सोळा बिटांचा निघाला. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सोळा बिटांचे प्रोग्राम चालतच नाहीत. ही मर्यादा मुळातलीच आहे, कुठे बटण दाबून जात नाही. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. ॲडोबीचे इनडिझाइन पूर्वी पेजमेकरच्या फायली उघडत असे. २०१२च्या सीएस ६ नंतरच्या आवृत्त्यांनी तेही सोडून दिले. आणि उघडली असती तरी फॉन्टशिवाय त्या टोप्यावाल्या चिन्हांचे काय करायचे? म्हणून भाच्याला बोलावले आणि नव्या यंत्रावर एक्सपी चढवायचे ठरले.

पहिल्या दिवशी निळा पडदा आला. त्यावर शून्ये आणि शेवटी '७बी' असा आकडा. त्याचा अर्थ, भाच्याने सांगितले तो असा: कारभारी वाड्यात आला, पण कोठार कुठे आहे ते त्याला सापडेना. नव्या हार्ड डिस्कशी ज्या पद्धतीने बोलायचे, ती एक्सपीच्या सीडीला ठाऊकच नाही. पूर्वी अशा वेळी एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ती माहिती द्यायची सोय होती. आता फ्लॉपी कुठली? मग भाच्याने ती माहिती सीडीतच मिसळून नवी सीडी तयार केली. दुसऱ्या दिवशी डिस्क सापडली, पण कीबोर्ड आणि माऊस मेले, कारण यूएसबीची नवी पिढीही एक्सपीच्या ओळखीची नव्हती. अडगळीतून गोल पिनेचा जुना कीबोर्ड शोधून काढला. तिसऱ्या दिवशी टेकडी दिसली एकदाची! पण रंग विटलेले, अक्षरे भोपळ्याएवढी, आवाज नाही. यंत्रात आठ जीबी मेमरी होती. बत्तीस बिटांच्या एक्सपीला त्यातली सव्वातीनच्या आसपास दिसत होती. आणि डोंगल लावले तर एक्सपी त्याच्याकडे ढुंकून पाहीना, कारण यूएसबी खाचाच तिला दिसत नव्हत्या.

त्या रात्री चहा पिताना भाच्याने जी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. (घरी आम्ही दख्खनी बोलतो, इथे तुमच्यासाठी मराठीत सांगतो.) विंडोज ९५च्या काळात एएमडी कंपनीचा के ६-२ नावाचा नवा प्रोसेसर आला. ३५० मेगाहर्ट्झ आणि त्याहून वेगवान यंत्रांवर विंडोज ९५ सुरू होतानाच अधूनमधून कोसळू लागली. यंत्रात दोष नव्हता. यंत्राचा वेग मोजण्यासाठी विंडोज एक काम ठरावीक वेळा करून पाहायची आणि त्याला किती वेळ लागला त्याने भागायची. नव्या यंत्राने ते काम इतक्या झटकन उरकले, की लागलेला वेळ शून्य भरला. आणि शून्याने भागता येत नाही, हे आपल्याला शाळेतच शिकवलेले आहे. पुढे प्रोसेसरांनी २.१ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली तेव्हा विंडोज ९५च्या नेटवर्कच्या भागात पुन्हा तसाच शून्याचा भागाकार निघाला. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला त्यांना इतके वेगवान यंत्र कधी येईल असे वाटलेच नसणार.

त्याआधीच्या संगणकांना 'टर्बो' नावाचे एक बटण असायचे, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि त्या वेगावर बेतलेले खेळ नव्या यंत्रांवर इतके भरधाव धावायचे, की खेळणाऱ्याचा हात पोचायच्या आत खेळ संपायचा. भजनात पखवाजवाला तरुण आणि जोरकस असेल, तर म्हातारे बुवा नुसत्या डोळ्यांनी त्याला आवरतात. ते बटण म्हणजे बुवांचे डोळे. हल्लीच्या यंत्रांवर ते नाही, आणि मला वाटते ते असायला हवे होते. अर्थात माझ्या वाटण्यावर कोणी कारखाना चालवत नाही.

शेवटी रस्ता निघाला तो दुसऱ्याच दिशेने. भाच्याने एक्सपी पुसून टाकली, विंडोज १० परत चढवली आणि तिच्यात 'व्हर्च्युअल मशीन' नावाचा प्रोग्राम बसवला. हा प्रोग्राम संगणकाच्या आत संगणकाचे सोंग उभे करतो. आत शिरलेल्या एक्सपीला वाटते, आपण नव्वदीच्या दशकातल्या साध्यासुध्या चिपसेटवर आहोत. डिस्क जुन्या पद्धतीची आहे, पडदा ओळखीचा आहे. बाहेर खरे यंत्र केवढे दांडगे आहे याचा तिला पत्ता नसतो. म्हणजे नव्या वाड्यातच जुन्या वाड्यासारखी एक खोली बांधायची आणि कारभाऱ्याला तिच्यात बसवायचे. पूर्वी मायक्रोसॉफ्टने स्वतःच हे केले होते. २००९ साली आलेल्या विंडोज ७च्या वरच्या आवृत्त्यांना 'एक्सपी मोड' म्हणून अशीच खोली मिळत असे. विंडोज ८पासून ती गेली.

डोंगल बाहेरच्या यंत्राला लावले आणि माऊसच्या एका टिचकीने आतल्या एक्सपीच्या हवाली केले. फॉन्ट बसले. पेजमेकर उघडला. पहिल्याच पानावर सरांचे नाव आले तेव्हा अण्णा उठून बाहेर गेले.

आता इथे काम संपले असे कुणालाही वाटेल. मला तर खरे काम इथून पुढचे वाटते. कविता पुन्हा त्याच फॉन्टमध्ये छापून मोकळे होता आले असते. पण मग पुढच्या माणसाला पुन्हा हीच सगळी धडपड. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा ठरवला. त्यासाठी परिवर्तक प्रोग्राम मिळतात, आणि ते बरेचसे काम चोख करतात. पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतील त्या क्रमाने साठवलेली असतात. 'दिवा' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'द' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'द' आधी, वेलांटी नंतर. रफाराचे त्याच्या उलट: डोळ्याला तो अक्षराच्या डोक्यावर नंतर दिसतो, तोंडाने आधी म्हणावा लागतो. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते आणि कुठे कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. अशा चुका दिसतात तरी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतात.

न खुपणारी चूक मला छत्तिसाव्या कवितेत सापडली. मराठीत अर्ध्या 'र'ची दोन रूपे आहेत, डोक्यावरचा रफार आणि 'वाऱ्यावर'मधला, 'य'ला बिलगलेला, मिशीच्या केसासारखा. मराठीची ही खास चीज. सरांच्या त्या कवितेत गाव सोडून निघालेला माणूस घाटाच्या माथ्यावर थांबून मागे दऱ्या पाहतो. परिवर्तकाने त्यांचा 'दर्या' केला होता. शब्द शुद्ध, कोशातला, माझ्या तर घरच्या बोलण्यातला. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामने त्याला हात लावला नसता. आणि वाईट म्हणजे अर्थही लागत होता! तो माणूस मुंबईला निघालेला. त्याला समुद्र दिसू लागला, असे कुणीही समजले असते. एखाद्या समीक्षकाने त्यावर दोन परिच्छेदही लिहिले असते.

खरे काय ते फक्त आतल्या खिडकीत दिसत होते. मग मी आणि भाच्याने डावीकडे एक्सपी, उजवीकडे नवा मजकूर असे ठेवून एकशे बाराही कविता ओळीने ताडून पाहिल्या. तीन आठवडे लागले. नुसत्या या 'ऱ्या'च्या एक्केचाळीस जागा निघाल्या. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे उदाहरण व्याकरणाच्या तासाला सरच द्यायचे, आणि वर्ग हसायचा.

म्हणून मी म्हणतो, जुनी सिस्टीम नव्या यंत्रावर चालवणाऱ्याला नावे ठेवू नका. कुपवाडच्या त्या कारखान्यातले मशीन पंचवीस वर्षे टिकते. त्याला चालवणाऱ्या सिस्टीमला कंपनीची सोबत बारा-तेरा वर्षेच मिळते. शेजारचा संगणक जळला तर त्या मालकाने लाखोंचे मशीन भंगारात घालायचे का?

पण जुन्या कारभाऱ्याला बाहेरचे दार उघडायला लावू नये, हेही तितकेच खरे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडची कित्येक एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना ती टप्प्याटप्प्याने, जून २०१९पर्यंत बदलायला सांगावे लागले. अण्णांच्या आतल्या एक्सपीला भाच्याने इंटरनेट दिलेलेच नाही. जिथे पैसा जातो-येतो तिथे टेकडीचे चित्र दिसले तर मी स्वतः दुसरे दुकान बघेन.

सरांचा संग्रह जानेवारी २०२१ मध्ये निघाला. काकूंनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा मुद्रणदोष शोधायला सुरुवात केली. सरांच्या घरचीच त्या! एक सापडला, अनुक्रमणिकेत. त्याच जुलैत पुन्हा पूर आला, पण तोवर अण्णांनी यंत्र माळ्यावर नेले होते.

अण्णांच्या त्या संगणकावरच्या विंडोज १०ची नेहमीची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ते मला विचारत होते, आता पुन्हा ते सगळे करायचे का? करायचे नाही. आतली एक्सपी म्हणजे आता सात जीबीची एकच फाईल आहे. बाहेर विंडोज ११ येवो की आणखी काही, तिला त्याची खबर लागत नाही. त्या फाईलच्या तीन प्रती केल्या आहेत. एक छापखान्यात, एक विश्रामबागेत वरच्या मजल्यावर, एक माझ्या कपाटात. अण्णांकडे अजून दोनशेच्यावर जुनी कामे त्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्यांत एका शाहिराचे पोवाडे आहेत, एका गावाचा कुणी निवृत्त शिक्षकाने लिहिलेला इतिहास आहे. भाचा रविवारी येतो तेव्हा आम्ही त्यातले एक-एक काढतो. तीन प्रती आहेत, पण डोंगल मात्र एकच. ते अजून किल्ल्यांच्या जुडग्यातच असते.